शाळेत बायबल, प्रार्थना आणि आपली मुलं: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

टेक्सासमध्ये २०२५ साली दोन कायदे झाले. एक, वर्गाच्या भिंतीवर टेन कमांडमेंट्स, म्हणजे बायबलमधल्या देवाच्या दहा आज्ञा, लावायचा. दुसरा, शाळेत प्रार्थना आणि बायबल वाचनासाठी वेगळा वेळ ठेवायची मुभा देणारा. तेव्हापासून गणपतीत भेटा नाहीतर मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, आईबाबा तेच ते विचारतायत. मी डॅलसच्या बाजूला राहते, मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात, म्हणून हा विषय मी जरा खोलात जाऊन वाचलाय. माझं मत काय ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माहीत असलेलं बरं. शाळेने धर्मांबद्दल शिकवावं, भरपूर शिकवावं, पण शाळेने मुलांकडून धर्म पाळून घेऊ नये. आणि "नको असेल तर तुमच्या मुलाला बाहेर बसवा" हे उत्तर मला अजिबात पटत नाही, त्यावर खाली मोठं लिहिलंय.

भांडण नक्की कशावरून आहे?

पब्लिक स्कूल म्हणजे टॅक्सच्या पैशावर चालणारी सरकारी शाळा. तिथे शिक्षकाने मुलांना बायबल वाचून दाखवावं का, सगळ्यांकडून प्रार्थना म्हणून घ्यावी का, धर्मशिक्षणाचा तास ठेवावा का, यावर वाद आहे. अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती एका दमात दोन गोष्टी सांगते: सरकारने कुठला धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचंही नाही. दोन्ही बाजूचे लोक याच वाक्यावर बोट ठेवून बोलतात, म्हणून वाद मिटत नाही.

म्हणजे हा ख्रिश्चन विरुद्ध बाकीचे असा वाद ना?

नाही हो, सुरुवात तर मुळीच तशी नव्हती. हा वाद ख्रिश्चन विरुद्ध ख्रिश्चन असा सुरू झाला, आणि आपल्या लोकांना नेमकं हेच माहीत नसतं.

१८३७ पासून होरेस मान यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्यांसाठी एकच सरकारी शाळा ही कल्पना रुजवायला घेतली. बायबल वाचायचं पण त्यावर भाष्य करायचं नाही, म्हणजे कुठल्याच पंथाची तक्रार राहणार नाही असा त्यांचा हिशोब. पण शाळेत वाचायचे ते किंग जेम्स बायबल, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांचं. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांचं बायबल वेगळं, त्यांच्या चर्चची शिकवण अशी की धर्मग्रंथ चर्चच्या मार्गदर्शनाखाली वाचायचा, नुसतं वाचून सोडून द्यायचा नाही. त्यामुळे जे एकाला निष्पक्ष वाटत होतं ते दुसऱ्याला सरळसरळ प्रोटेस्टंट शिकवण वाटत होतं.

फिलाडेल्फियाच्या बिशप केनरिक यांनी १८४२ मध्ये मागितलं की कॅथलिक मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या. त्यावरून "हे परके लोक आमच्या शाळांतून बायबल हाकलायला निघालेत" अशी आवई उठली, आणि १८४४ च्या मे आणि जुलैमध्ये शहरात दंगली पेटल्या, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली, वीसच्या आसपास माणसं मेली. फिलाडेल्फिया, जिथे घटना लिहिली गेली तेच शहर.

बॉस्टनची गोष्ट तर मला विसरता येत नाही. मार्च १८५९, एलियट स्कूल, थॉमस व्हॉल नावाचा दहा वर्षांचा कॅथलिक मुलगा. टेन कमांडमेंट्स प्रोटेस्टंट पद्धतीने म्हणायला त्याने नकार दिला. मास्तरने वेताच्या छडीने त्याच्या हातांवर अर्धा तास मारलं. त्यानंतर शेकडो कॅथलिक मुलं त्या शाळेतून बाहेर पडली, मास्तरवर केस झाली आणि तो निर्दोष सुटला. याच सगळ्यातून कॅथलिक लोकांनी स्वतःच्या वेगळ्या शाळा काढण्यावर जोर दिला, आज अमेरिकेत एवढ्या कॅथलिक शाळा दिसतात त्यामागे हा इतिहास आहे.

पुढे १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या स्कूल बोर्डाने बायबल वाचन बंद केलं, केस ओहायोच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि बोर्ड जिंकलं. १८९० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी केस जिंकली, तिथल्या सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळेतलं किंग जेम्सचं वाचन घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा या देशात हिंदू होतेच किती!

१९६२ आणि १९६३ चे निकाल सगळे सांगतात, त्यात काय झालं?

१९६२ ची केस न्यूयॉर्कची, एंगल विरुद्ध व्हिटाले. राज्याच्या शिक्षण मंडळाने २२ शब्दांची एक छोटी प्रार्थना लिहिली होती, देवा आमचं तुझ्यावाचून चालत नाही, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा ठेव, अशा अर्थाची. येशूचं नाव नाही, कुठला पंथ नाही, म्हणायची सक्तीही कागदावर नाही. तरी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध १ असं सांगितलं की लोकांनी म्हणायच्या प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. जस्टिस ह्यूगो ब्लॅक यांनी हा निकाल लिहिला.

१९६३ ची केस पेनसिल्व्हेनियाची, अॅबिंग्टन विरुद्ध शेम्प. तिथे १९४९ चा कायदा होता, रोज शाळा सुरू होताना बायबलचे किमान दहा श्लोक भाष्य न करता वाचायचे. एलरी शेम्प नावाच्या हायस्कूलच्या मुलाने १९५६ मध्ये एक दिवस वर्गात बायबल चालू असताना कुराण उघडून मनात वाचायला घेतलं, आणि त्याला प्रिन्सिपलकडे पाठवलं गेलं. त्याचं कुटुंब युनिटेरियन, म्हणजे ख्रिश्चन परंपरेतूनच निघालेलं. कोर्टाने ८ विरुद्ध १ निकाल दिला की सरकारी शाळेत बायबल वाचनाचा असा विधी घटनेत बसत नाही. सोबत बाल्टिमोरची एक केस होती, तीही याच निकालात आली.

मग शाळेत बायबलवर बंदी आहे का? मुलांनी प्रार्थना केली तर चालत नाही का?

दोन्ही खोटं. हे इतकं पसरलंय की मला राग येतो.

मुलगा डबा खायच्या आधी हात जोडू शकतो, मैत्रिणींनी मिळून मधल्या सुट्टीत बायबल वाचलं तर चालतं, शाळेच्या वेळेनंतर बायबल क्लब चालतो. १९८४ च्या इक्वल अॅक्सेस कायद्याप्रमाणे हायस्कूलमध्ये बाकीचे क्लब असतील तर धार्मिक क्लबलाही जागा द्यावीच लागते, १९९० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्या मुलांना हिंदू स्टुडंट्सचा क्लब काढायचा असेल तर त्यांनाही हाच कायदा उपयोगी पडतो.

अडवलंय ते शाळेला. फळ्यापाशी उभ्या असलेल्या, हजेरी घेणाऱ्या, मार्क देणाऱ्या माणसाने सरकारच्या वतीने मुलांकडून भक्ती करून घ्यायची नाही. शिवाय शेम्पच्या त्याच निकालात जस्टिस क्लार्क यांनी स्पष्ट लिहिलंय की साहित्य आणि इतिहास म्हणून बायबलचा अभ्यास करण्यासारखा आहे, आणि धर्मांच्या इतिहासाचा अभ्यास केल्याशिवाय शिक्षण पूर्ण होत नाही असं म्हणता येईल. बायबल शाळेतून हाकललं म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे वाक्य वाचलंय?

पण सक्ती कुठाय? नको असेल तर पालकांनी चिठ्ठी द्यावी, मूल बाहेर बसेल, इतकं काय त्यात?

माझ्या मते सगळा विषय इथेच आहे, बाकीचं एक वेळ वाचलं नाहीत तरी चालेल.

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात सूट होतीच, चिठ्ठी द्या आणि मुलाला सोडवा. शेम्पच्या वडिलांनी ती सूट घेतली नाही आणि का घेतली नाही ते कोर्टात सांगितलं. वाचन व्हायचं ते सकाळी होमरूममध्ये, म्हणजे हजेरीच्या वर्गात. सूट घेतली तर मुलं वर्गाबाहेर कॉरिडॉरमध्ये उभी राहणार. आणि त्या शाळेत कॉरिडॉरमध्ये उभं कोण असायचं, तर ज्याला शिक्षा झालीय तो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटणार याने काहीतरी केलंय. शिवाय बायबल आणि प्रार्थनेनंतर लगेच दिवसभराच्या सूचना सांगायचे, त्या बुडणार. बाकीच्या मुलांनी त्यांना विचित्र ठरवलं असतं, नास्तिक म्हटलं असतं, आणि त्या काळात नास्तिक म्हटलं की कम्युनिस्ट, देशाच्या विरोधातला, इथपर्यंत गाडी जायची. म्हणून ते म्हणाले की माझ्या मुलांना सूट नको.

त्याच्या आधीची, १९४८ ची मॅक्कॉलम केस बघा. इलिनॉयमधलं शॅम्पेन गाव. शाळेच्याच वर्गात आठवड्यातून एकदा बाहेरचे शिक्षक येऊन प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू असे वेगवेगळे धर्माचे तास घ्यायचे. पालकांची लेखी परवानगी लागायची, म्हणजे अगदी स्वेच्छेने. व्हॅशती मॅक्कॉलम यांनी मुलाला पाठवलं नाही. तेवढा वेळ त्याला कुठे बसवायचं हे शाळेला कळेना, एकदा तर त्याचं बाक कॉरिडॉरमध्ये ठेवलं. बाकीच्या पोरांनी त्याला पिडलं, घरच्यांना लोकांनी शिव्याशाप दिले. शेवटी ८ विरुद्ध १ ने त्या जिंकल्या, पण तोवर त्या पोराचं बालपण ज्या पद्धतीने गेलं ते कुठल्या निकालाने परत येणार.

नऊ वर्षांच्या मुलाला "तुला हवं तर बाहेर जा" असं सांगणं म्हणजे त्याला निवड देणं नाही, ते त्याला तीस मुलांसमोर उभं करून तुझं घर वेगळं आहे हे सांगायला लावणं आहे. मोठी माणसं ऑफिसमध्ये असं करायला कचरतात. आणि आपलं मूल असं करायला नको म्हणेल, तेही वर्गात बसेल, ओठ हलवेल, आणि कागदावर सगळं स्वेच्छेने चाललेलं दिसेल.

हे फक्त अमेरिकेत नाही. बेलफास्टमधल्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलीच्या केसमध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच सांगितलं, मुलीला तासातून काढून घ्यायची सोय आहे एवढ्याने एकतर्फी ख्रिश्चन शिक्षण न्याय्य ठरत नाही, कारण काढून घेतलं तर मूल वेगळं पडायची भीती राहते.

टेक्सासमध्ये भिंतीवरच्या टेन कमांडमेंट्सचं काय? भिंतीवर कागद आहे, वाचलं नाही की झालं.

कायद्याचं नाव एसबी (सिनेट बिल) १०. प्रत्येक वर्गात किमान १६ बाय २० इंचाचं पोस्टर, वर्गात कुठूनही वाचता येईल एवढ्या अक्षरात, म्हणजे "वाचलं नाही की झालं" याची वाटच बंद केलीय. मजकूरही कायद्यातच ठरवून दिलाय, त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

आता तो मजकूर कुणाचा? ज्यू लोक आज्ञा वेगळ्या मोजतात, कॅथलिक वेगळ्या, प्रोटेस्टंट वेगळ्या. मूर्ती करू नकोस ही ओळ प्रोटेस्टंट यादीत स्वतंत्र आज्ञा आहे, कॅथलिक यादीत ती पहिलीच्या पोटात जाते. बॉस्टनच्या त्या मुलाने मार खाल्ला तो याच फरकावरून, आणि दीडशे वर्षांनी आपण पुन्हा तिथेच आलोय.

आणि आपल्यासाठी? माझ्या देवघरात अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण आहे, भाद्रपदात आम्ही शाडूचा गणपती घरी करतो, मुलं स्वतः सोंड लावतात आणि डोळे रंगवतात. तीच मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात बसणार आणि समोर रोज, वर्षभर, शाळेने लावलेल्या कागदावर लिहिलेलं असणार की दुसरे देव मानू नकोस, कोरलेल्या मूर्ती करू नकोस. ज्यांचा धर्म तसा सांगतो त्यांनी घरात, चर्चमध्ये तो जरूर सांगावा, माझं काही म्हणणं नाही. पण हे माझ्या मुलाला त्याच्या शाळेने सांगायचं?

केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये रद्द केला होता, ५ विरुद्ध ४. लुइझियानाने २०२४ मध्ये परत आणला, टेक्सासने २०२५ मध्ये. टेक्सासविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत ज्यू, ख्रिश्चन, युनिटेरियन, निधर्मी आणि हिंदू कुटुंबं पण आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल जजने अकरा स्कूल डिस्ट्रिक्टपुरती (डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) स्थगिती दिली, पुढे दोन्ही राज्यांचं प्रकरण फिफ्थ सर्किट या वरच्या फेडरल कोर्टाच्या पूर्ण बेंचपुढे गेलं. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये आज काय स्थिती आहे ते डिस्ट्रिक्टच्या ऑफिसमध्ये थेट विचारा.

आणि प्रार्थनेच्या वेळेचा कायदा? फॉर्म आला तर सही करायची का?

तो एसबी ११. रोज प्रार्थना आणि बायबल किंवा दुसरा धर्मग्रंथ वाचायला वेळ ठेवायचा की नाही यावर प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने १ मार्च २०२६ पर्यंत मतदान घ्यायचं असं त्यात होतं. भाग घ्यायला पालकांची सही लागते, शिकवण्याच्या वेळेतून तो वेळ काढायचा नाही, स्पीकरवर वाचायचं नाही, सही न केलेल्या मुलांच्या कानावर पडू द्यायचं नाही.

सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण फॉर्म पूर्ण वाचा. सही करणारा या धोरणाविरुद्ध कोर्टात जायचा हक्क सोडतो असं कलम त्या संमतीपत्रात घालायला कायद्यानेच सांगितलंय. "दुसरा धर्मग्रंथ पण चालेल की, आपण गीता पाठवू" असं काहीजण उत्साहाने म्हणतात, त्यांनी तर नक्कीच वाचा.

टेक्सासमध्ये सकाळी एक मिनिट शांत बसायचा नियम मात्र वेगळा, तो २००३ पासून आहे, त्या मिनिटात मुलं मनात काहीही करू शकतात आणि कोर्टाने तो मान्य केलाय. मला त्यात काही अडचण वाटत नाही, माझा मुलगा त्यात रामरक्षेची पहिली ओळ म्हणतो आणि शेजारचा बहुतेक झोपतो.

शाळेच्या वेळेत मुलांना बसने बायबल क्लासला नेतात, हे कायदेशीर आहे?

हो. याला रिलीज्ड टाइम म्हणतात. १९५२ मध्ये झोराक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की वर्ग शाळेच्या जागेबाहेर असेल, खर्च शाळेचा नसेल आणि पालकांची परवानगी असेल तर चालेल. ओहायोमध्ये सुरू झालेली लाइफवाइज अॅकॅडमी ही संस्था हेच करते, लाल बसमधून मुलांना नेऊन आणते, आता बऱ्याच राज्यांत पसरलीय, आणि ओहायोने तर आता प्रत्येक डिस्ट्रिक्टला अशा सुट्टीचं धोरण ठेवणं बंधनकारक केलंय.

कायदेशीर असलं तरी शाळेला प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मागे राहिलेली मुलं त्या वेळात काय करतात? शिक्षक "चला, कोण कोण जाणार" असं वर्गात विचारतात का? परत आलेल्या मुलांना खाऊ, टीशर्ट मिळतात आणि बाकीची बघत राहतात का? हे प्रश्न शांतपणे विचारले की मुख्याध्यापक बऱ्याचदा ऐकतात.

पुस्तकात बायबलच्या गोष्टी आल्या तर? ब्लूबॉनेटचं ऐकलंय.

टेक्सासच्या शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ ने ब्लूबॉनेट हा अभ्यासक्रम मान्य केला, बालवाडी ते पाचवी. घेणं ऐच्छिक, पण घेतला तर डिस्ट्रिक्टला मुलामागे ६० डॉलरपर्यंत जादा पैसे मिळतात, त्यामुळे गरीब डिस्ट्रिक्टसाठी ऐच्छिक किती ते तुम्हीच ठरवा.

इथे मी थोडी वेगळं बोलते, आपल्यातल्या काहींना आवडणार नाही. मुलांना बायबल माहीत असलंच पाहिजे. लिंकनची भाषणं, मार्टिन ल्यूथर किंगची भाषणं, अर्धं इंग्रजी साहित्य, लिओनार्डोचं लास्ट सपर, यातलं काही बायबलशिवाय कळत नाही. माझ्या मुलीला गुड समॅरिटनची गोष्ट शाळेत कळली तर मला आनंदच आहे. माझी हरकत प्रमाणाला आणि सुराला आहे. सहा वर्षांच्या मुलाला "ख्रिश्चन लोक असं मानतात" आणि "असं झालं" यातला फरक कळत नाही, तो शिक्षकाने सांभाळावा लागतो. आणि एका धर्माच्या गोष्टी पानोपानी आणि बाकी सगळे मिळून चार ओळीत, असं असेल तर त्याला धर्मांचा अभ्यास म्हणता येत नाही.

ओक्लाहोमात तर शिक्षण खात्याच्या प्रमुखांनी जून २०२४ मध्ये पाचवी ते बारावी सगळीकडे बायबल शिकवायचा हुकूम काढला, ५५,००० बायबल विकत घ्यायचं टेंडर निघालं, त्यातल्या अटी ट्रम्प यांनी जाहिरात केलेल्या बायबलला बसतील अशा होत्या म्हणून गदारोळ झाला, मार्च २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने खरेदी थांबवली, आणि ते जुने प्रमुख पद सोडून गेल्यावर नव्या प्रमुखांनी हुकूमच मागे घेतला. वर्षभर शिक्षकांची फरफट झाली ती वेगळीच.

आता सुप्रीम कोर्टच बदललंय, मग जुन्या निकालांना काय अर्थ?

काळजी खरी आहे. २०२२ च्या केनेडी केसमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फुटबॉल कोचने मॅचनंतर मैदानावर प्रार्थना करण्याला कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने संरक्षण दिलं, आणि सरकार धर्माला पाठिंबा देतंय का हे बघायची जुनी कसोटी सोडून इतिहास आणि परंपरा बघू असं सांगितलं. टेक्सास, लुइझियानाचे कायदे त्याच धीराने आलेत. पण १९६२ आणि १९६३ चे निकाल कोर्टाने रद्द केलेले नाहीत. ओक्लाहोमातल्या सरकारी पैशावरच्या कॅथलिक चार्टर शाळेचं (चार्टर म्हणजे सरकारी पैसा, पण कारभार स्वतंत्र) प्रकरण मे २०२५ मध्ये ४ विरुद्ध ४ वर अडकलं, म्हणजे शाळेला परवानगी मिळाली नाही.

बायबल शाळेतून गेलं आणि देश बिघडला, असं शेजारी म्हणतात, काय उत्तर द्यायचं?

टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, या राज्यांत बायबल वाचन कायद्याने सक्तीचं होतं. त्याच राज्यांत, त्याच वर्षांत, काळ्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळेत पाऊल ठेवू देत नव्हते. रोज सकाळी शेजाऱ्यावर प्रेम कर वाचणारी शाळा दारात आलेल्या शेजाऱ्याच्या मुलीला आत घेत नव्हती. मी एवढंच सांगते आणि थांबते.

आम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, रोज "अवर फादर" म्हणायचो, आमचं काय बिघडलं?

हा प्रश्न मुंबई, पुणे, नागपूरच्या प्रत्येक कॉन्व्हेंटवाल्या मैत्रिणीकडून येतो. काही बिघडलं नाही, मान्य. पण ती शाळा तुमच्या आईवडिलांनी निवडली होती, फी भरून, रांगेत उभं राहून. आणि तिथेही भारताच्या घटनेचं कलम २८ तुमच्या पाठीशी होतं: पूर्णपणे सरकारी पैशावरच्या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवायचं नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती, तेव्हा २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टाने अशी सक्ती करता येत नाही असं सांगितलं.

मुळात हा वाद आपल्याला नवा नाहीच. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या दोन पारशी मुलांनी धर्मांतर केलं, केस कोर्टात गेली, पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांशी झगडा केला. या सगळ्या अनुभवानंतर १८५४ च्या वुडच्या खलित्यात सरकारी शाळांसाठी जे ठरलं ते आजही वाचण्यासारखं आहे: शिक्षण निधर्मी राहील, बायबल लायब्ररीत ठेवता येईल, विद्यार्थ्याने आपणहून विचारलं तर शिक्षक शाळेच्या वेळेबाहेर सांगू शकेल. ख्रिश्चन राज्यकर्त्यांना हिंदू, मुसलमान, पारशी मुलांच्या शाळा चालवायच्या होत्या आणि त्यांना कळलं होतं की दुसऱ्या कुठल्या पद्धतीने त्या चालणार नाहीत.

मग आपला योगा, ध्यान, दिवाळी शाळेत कसं चालतं?

जो नियम त्यांना तोच आपल्याला, हे मनापासून मान्य करायला हवं. न्यू जर्सीच्या काही हायस्कूलमध्ये १९७५ च्या सुमारास ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनचा, म्हणजे महर्षी महेश योगींच्या ध्यानपद्धतीचा, विषय सुरू झाला, मुलांना मंत्र देताना पूजा व्हायची. १९७७ मध्ये कोर्टाने ते धर्मशिक्षण ठरवून बंद केलं, १९७९ मध्ये वरच्या कोर्टानेही ते कायम ठेवलं. माझ्या मते बरोबर केलं. एखाद्या बॅप्टिस्ट मुलाला फळं, फुलं, रुमाल घेऊन पूजेपुढे उभं करणं मला पटत नाही, जसं माझ्या मुलाला बायबलपुढे उभं करणं पटत नाही. उलट कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासमध्ये शाळेने योग निव्वळ व्यायाम म्हणून ठेवला, तो २०१५ मध्ये कोर्टात टिकला. अलाबामाने १९९३ पासूनची योगबंदी २०२१ मध्ये उठवली पण वर्गात नमस्ते म्हणायला आणि मंत्राला मनाई ठेवली, हे मात्र मला अति वाटतं.

दिवाळीला वर्गात जाऊन पणती रंगवायला शिकवा, गोष्ट सांगा, चकली द्या (अॅलर्जी विचारून). आरती करू नका.

आम्ही व्हिसावर आहोत, तक्रार केली तर अडचण येईल का?

पहिली दुरुस्ती फक्त नागरिकांपुरती नाही, आणि मुलांच्या सरकारी शाळेच्या हक्काचा इमिग्रेशन स्टेटसशी संबंध नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या टेक्सासच्याच केसमध्ये सांगितलंय. बोर्डाच्या निवडणुकीत मत नागरिकांनाच देता येतं, पण बोर्डाच्या मीटिंगला नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलायला तिथे राहणं पुरतं. आधी शिक्षकांना भेटा, मग प्रिन्सिपलना ईमेल करा, लेखी ठेवा, आवाज चढवू नका. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, कारण बऱ्याच शिक्षकांनाही हे सगळं डोक्याला ताप झालेलं असतं.

कोर्टापर्यंत गेलंच तर नाव गुप्त ठेवायची परवानगी मागता येते. टेक्सासमधल्या सांता फे गावात फुटबॉल मॅचच्या आधी लाउडस्पीकरवर प्रार्थना व्हायची, त्याविरुद्ध दोन कुटुंबं गेली, एक मॉर्मन, एक कॅथलिक. कोर्टाने त्यांची नावं झाकली, तरी शाळेतले लोक ती कुटुंबं कोण हे शोधायला लागले, तेव्हा जजने लेखी तंबी दिली की हे थांबलं नाही तर कडक कारवाई करीन. २००० साली सुप्रीम कोर्टात ती कुटुंबं ६ विरुद्ध ३ ने जिंकली, आणि निकालावर त्यांचं नाव आजही नुसतं "डो", म्हणजे नाव झाकायला वापरतात ते ठरलेलं नाव, असंच आहे.